बोर्डावरचा गमछा

"बोर्डावर गमछा नव्हता," लीलाधर म्हणाला. "असता तर मी बटन दाबलं असतं काय?"

 खुमेंद्र गिट्टी धुणाऱ्या, बंद पडलेल्या वॉशरकडे पाहत होता. लांब लोखंडी हौद, त्यात आडवे दोन दांडे, दांड्यांवर जाड पाती. चिकणमाती लागलेली गिट्टी एका टोकाने आत जाते, पाती तिला पाण्यात घुसळतात आणि दुसऱ्या टोकाने ती धुऊन बाहेर पडते. सोमवारी दुपारी या हौदात त्याच्या थोरल्या भावाचा, धनेंद्रचा, पाय गेला होता.

चिचगडजवळच्या या खडीच्या प्लांटवर एक रीत होती. पात्यांत अडकलेली माती काढायला उतरणाऱ्याने आपला गमछा बटनाच्या बोर्डावर लटकवायचा. तो स्वतः येऊन काढेपर्यंत बटनाला कोणी हात लावायचा नाही. नव्या माणसांना ही रीत धनेंद्रच शिकवत असे.

"मंग गमछा गेला कोठी?" खुमेंद्रने विचारले. "दादाच्या अंगावर नव्हता. हौद उपसला, त्यात नाही. तूच लपवला."

"मी कायले लपवीन बाप्पा? एका डब्यात जेवतो आम्ही."

"फोरमनच्या जागेवरून तुमचं वाजलं होतं ना?"

लीलाधरने मान खाली घातली. खुमेंद्रला तेवढे पुरेसे होते.

फाटकावर चौकीदार भैयाजी बसला होता. त्या दुपारी आत कोण कोण आले, असे खुमेंद्रने त्याला विचारले.

"बाहेरचं कोणी नाही. तुमची वहिनी तेवढी डबा ठेवून गेली. तिले का बाहेरची म्हणता?"

म्हणजे आतलाच माणूस. खुमेंद्रने मोटारसायकल गोंदियाच्या रस्त्याला लावली. ठाण्यात लीलाधरचे नाव द्यायचे, तर भावाने तोंड उघडायला हवे होते.

दवाखान्यात धनेंद्र खिडकीकडे तोंड करून पडला होता. एका बाजूला गुडघ्याखाली चादर सपाट होती. त्याची बायको ओमेश्वरी उशाशी बसून संत्रे सोलत होती.

"दादा, लीलाधरले आज अंदर करतो. तो गमछा..."

"ओमेश्वरी," धनेंद्र मध्येच म्हणाला, "जाय, खालून चाय घेऊन ये."

कालही असेच झाले होते. विषय निघाला की चहा, नाहीतर गोळ्या, नाहीतर पाण्याची बाटली.

ती गेल्यावर धनेंद्र हळू बोलला. "मीच विसरलो लटकवाले. लीलाधरचं नाव नोको घेऊ."

"तू विसरशील? काल तो आला होता ना इथं? धमकी देऊन गेला काय?"

"रडून गेला."

"मंग तू कोणाले वाचवून राहिला?"

धनेंद्रने दाराकडे पाहिले.

खुमेंद्र उठला. "राहू दे. पोलिसाईले त्याच्या घरची झडती घ्यायले लावतो. गमछा निघाला की खेळ खतम."

"कोणता गमछा, भाऊजी?" दारात ओमेश्वरी चहाचे कप घेऊन उभी होती. "ह्यायचा लाल काठाचा?"

"तू गप राहाय," धनेंद्र म्हणाला. उठायला गेला आणि कण्हला.

तिने कप टेबलावर ठेवले आणि त्याच्या पाठीला हात दिला.

"त्याच्यासाठी झडती कायले? घरी वाळून राहिला तो, ह्यायले सांगितलं ना मी. डबा ठेवाले गेली तई बोर्डावर लटकून होता, मातीनं माखलेला. म्हटलं, नेऊन धुवून टाकू."