शनीची रांग

अंधार पडला तशी पिंपरीच्या कामगार वसाहतीतली माणसं मैदानात दुर्बिणीपुढे उभी राहिली. पुढे पुरुष, मग मुलं, मागे बायका. बायको इंदू गेल्यानंतर सयाजीराव पहिल्यांदाच शनी दाखवायला आले होते.

"सर, तुमच्या खगोल संस्थेत रोज हेच बघता का?" रांगेत पहिल्या असलेल्या विलासनं विचारलं. शिफ्ट सुटल्यावर तो कंपनीतून तसाच आला होता.

"नाही. दूर कुठे ताऱ्यांची मोठाली गावं असतात, त्यांना दीर्घिका म्हणतात. काही धुळीआड झाकलेल्या असतात. उजेड आत अडकतो, ऊब तेवढी बाहेर येते. ते अवरक्त किरण. ते मोजायचे. सगळी नोकरी त्यातच गेली."

"म्हंजे टोपल्यातल्या भाकरीला वरनं हात लावून बघायचं, ऊन हाय का," मागून कोणी तरी म्हणालं. सगळे हसले. सयाजीरावही हसले.

तेवढ्यात वसाहतीतल्या छबूबाई बायकांतून निघाल्या आणि थेट विलासपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"ओ मावशी, लाइन हाय!"

"लाइनीतच व्हते की इतकी वर्सं. सरांच्या बाईसंगं, पार शेवटाला."

सयाजीराव वळले. "शेवटी का?"

"ताईच म्हणायच्या, पाहुण्यांची पंगत उठल्याबिगर घरच्या बाईनं बसू न्हाई. मग मी बी थांबायची त्यांच्यासंगं. आमचा नंबर येस्तवर शनी त्या शेडच्या पत्र्यामागं जायचा."

"दर वेळी?"

"दर येळी."

घरी जाताना ते विचारायचे, कसा वाटला? इंदू म्हणायची, छान. तेवढं त्यांना पुरायचं. मग कोणी काय प्रश्न विचारले, ते सांगत ते घरापर्यंत यायचे.

छबूबाईंनी डोळा लावला.

"सरांकडनं ऐकून ताई सांगायच्या तसाच हाय," त्या म्हणाल्या. "कडं घातल्यावानी."

त्या बाजूला झाल्या. विलास पुढे सरकला, तसा त्यांनी हात आडवा धरला.

"थांब रं. आता ताईंचा नंबर."

विलास थांबला. रांगही थांबली. दुर्बिणीपाशी कोणीच नव्हतं. पृथ्वी फिरते तसा शनी हळूहळू सरकत दुर्बिणीच्या नळीबाहेर चालला असणार, हे सयाजीरावांना कळत होतं. एरवी त्यांनी दुर्बीण जराशी ढकलून त्याला पुन्हा मधोमध आणलं असतं. ते हात मागे बांधून उभे राहिले.