बाकावरचा शाफ्ट

वळणावर ती जुनी फोर-बाय-फोर गाडी अडायची, मागून कुणी पदर धरावा तशी. मागच्या सीटवर तान्ही लेक असायची, म्हणून आईचा जीव टांगणीला.

"पुढची-मागची चाकं भांडतायत, ताई, जावा-जावांसारखी," मेकॅनिक म्हणाला. पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्टच त्याने काढून बाकावर ठेवला. "आता अडली तर मिशी उतरवीन."

लेकीला गॅरेजच्या दारात उभ्या त्याच्या बायकोकडे देऊन तिने गॅरेजसमोर गाडी वळवली. ती अडलीच. मेकॅनिक मात्र बाकाकडे बघत होता.

कुतूहलाने तिने गाडी वीतभर पुढे घेतली. बाकावरचा शाफ्टही तेवढाच फिरला. ती थांबली, तोही थांबला.

तिने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली.

मग आधी शाफ्ट फिरला आणि त्याच्यामागोमाग गाडी सरकली, लेकीच्या दिशेने.