हळू, बाळ झोपलंय

शिट्टीमामांनी ‘थांबा’ लिहिलेली लाल पाटी वर केली, तरी टेम्पो पांढऱ्या पट्ट्यांवर अर्धा चढूनच थांबला.

“मागे घ्या,” मामा म्हणाले.

“अहो मामा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही!”

“मागे घ्या. आणि ती पाटी वाचता येते ना? ताशी तीस.”

टेम्पोवाला पुटपुटत मागे सरला. मामांनी उभा जन्म कंडक्टरकी केली, शिट्टी फुंकून बस हलवली. निवृत्त झाल्यावर त्याच शिट्टीने ते गाड्या थांबवायला लागले. दुकानदार म्हणायचे, मामांच्या राज्यात गोगलगायीलासुद्धा दंड होईल. मामा हसून सोडून द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी इथे पट्टे नव्हते, पाट्याही नव्हत्या. गावातली शिंपीण बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती आणि भरधाव मोटार आली. शिंपीण वाचली. मामा तेव्हा बसथांब्यावर उभे होते. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेपर्यंत सगळं संपलं होतं. आडव्या पडलेल्या बाबागाडीचं एक चाक तेवढं फिरत राहिलं होतं.

मग गावाला जाग आली. पट्टे आले, पाट्या आल्या. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! मामा आपणहून इथे येऊन उभे राहिले. या पट्ट्यांवर त्या पोरीला पुन्हा काही होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

कारण शिंपीण रोज दुपारी यायची. तीच बाबागाडी, पुढे ओढलेला टप, आत घडी घातलेलं दुपटं. बागेपर्यंत जायची, परत यायची.

“झोपलंय का?” मामा विचारायचे.

“झोपलंय,” ती म्हणायची.

सगळं गावच तसं बोलायचं. औषधवाला म्हणायचा, ऊन लागेल हं बाळाला. बँकेत नव्याने आलेल्या एका बाईने एकदा कौतुकाने दुपटं उचललं, तर शिंपीण रस्त्यात बसून अशी किंचाळली की दुकानं बंद करावी लागली. तेव्हापासून त्या टपाखाली कोणी वाकलं नाही. एरवी एकमेकांचे पाय ओढणारं गाव, पण हे एक खोटं सगळ्यांनी मिळून सांभाळलं.

मामांना सोसायचा नाही तो फक्त आवाज. पट्ट्यांचा रंग जाड होता. प्रत्येक पट्ट्यावर बाबागाडी खडखडायची. एकदा त्यांनी सायकलवाल्याला बोलावून चाकं दाखवली. त्याने ती फिरवून पाहिली आणि शिंपीण पुढे गेल्यावर हळूच म्हणाला, “चाकं ठणठणीत आहेत, मामा. आत वजन नाही, म्हणून उडतात.”

त्या दिवशी मामांना घास गिळवला नाही. मग ती खडखड झोपेतही यायला लागली. मामा अंथरुणात हात वर करायचे.

“अहो, पाटी खाली घ्या,” बायको तो हात धरून म्हणायची. “गेली ती पलीकडे. नीट गेली.”

आज शिंपीण सकाळीच आली, तीही नेहमीच्या गल्लीतून नाही, वरच्या रस्त्याने. केस नीट विंचरलेले, खांद्याला पिशवी.

“कुठे गं, गावाला?”

“बहिणीकडे, मामा. राहीन थोडे दिवस.”

मामांना मनापासून बरं वाटलं. पोर सावरली म्हणायची. “जा, जा. झोपलंय का?”

“हळू बोला ना. आत्ता कुठे डोळा लागलाय.”

तेवढ्यात वरून एक मोटार सुसाट येताना दिसली. शिट्टी फुंकत ते थेट रस्त्याच्या मधोमध गेले. मोटार करकचून थांबली आणि आतला तरुण हॉर्नवर तुटून पडला.

“हॉर्न नको!” मामांनी बॉनेटवर हात आपटला. “बाळ झोपलंय!”

तरुणाने बाबागाडीकडे पाहिलं. त्याचा हात हॉर्नवरून घसरला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“जाऊ दे,” तो कसाबसा म्हणाला. “आधी बाळाला जाऊ दे.”

शिंपीण त्याच्या गाडीसमोरून सावकाश पलीकडे गेली. थांब्यावर बस उभीच होती. कंडक्टरने नेहमीसारखी नजर दुसरीकडे ठेवून बाबागाडीला हात दिला. बस सुटली.

तरुणाने काच खाली केली. “मामा, तुम्ही सकाळपासून इथेच आहात? कोणाला बाळ घेऊन जाताना पाहिलंत?”

“का हो?”

“माझी मुलगी. परवाच झाली. वरच्या प्रसूतिगृहात बायकोचा जरा डोळा लागला, तेवढ्यात पाळण्यातून कोणीतरी...”

मामा खिडकीशी वाकले. “नाही हो. बाळ कोणाकडेच नव्हतं.”

“आत्ता त्या बाई गेल्या...”

“ती होय?” मामांनी आवाज खाली आणला. “तिची गाडी रिकामी असते. बिचारीचं बाळ इथेच गेलं. तुम्ही स्टेशनकडे बघा. आणि निघा लवकर, आज तीसचं मी काही बोलणार नाही.”

तरुणाने हात जोडले आणि मोटार उलटी वळवली. ती दिसेनाशी होईपर्यंत मामा बघत राहिले.

मग दूधवाला रिकाम्या क्रेट्सची ढकलगाडी घेऊन आला. मामांनी पाटी वर केली. ढकलगाडी पट्ट्यांवरून खडखडत, उड्या मारत पलीकडे गेली.

दूधवाला गेला. गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजायला लागले, तरी मामांचा हात खाली येईना.

बाबागाडी आज एकाही पट्ट्यावर वाजली नव्हती.