सोबत : चार पानं

पिंपळनेरकडच्या माझ्या शाळेत वर्ग चार आणि शिकवायला मी एकटी. आमच्या शिक्षणाधिकारी साहेबांनी पीएचडी केली तीच मुळी एकशिक्षकी शाळांच्या हालांवर. म्हणून दुसरा शिक्षक मागताना मी त्यांच्याच प्रबंधाच्या आतल्या चार पानांची झेरॉक्स अर्जाला जोडली.

"दिपमाला मॅडम, आते काम व्हयनंच समजा!" केंद्रप्रमुख कुंदनभाऊ म्हणाले.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. शिक्षकाबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या चार पानांवर मात्र साहेबांचा सहीनिशी लाल शेरा होता :



"प्रशासनाची बदनामी करणारा हा मजकूर कोणी लिहून दिला, याचा सात दिवसांत खुलासा करावा."