मुलीकडची माणसं

कृष्णजन्माच्या दुसऱ्या दिवशी बरसान्याचे बिहारी गोसाईं नंदगावच्या देवळात बाळजन्माची बधाई गायला आले आणि ऐन गाण्यात त्यांना उचकी लागली. घरून आणलेली पाण्याची बाटली माकडानं पळवली होती आणि आता शिखरावर बसून ते ती मजेत रिकामी करत होतं.

नंदगावची फुलवती लोटा घेऊन धावली. "घ्या बाबा, दोन घोट."

"राधा आमच्या गावची लेक. लेकीच्या... हिक्... सासरचं पाणी बरसान्यात कुणी पीत नाही."

"अहो, डोळे पांढरे व्हायला लागलेत तुमचे!"

"होऊ देत."

फुलवतीनं कमरेवर हात ठेवला. "बाबा, आमचा कान्हा कालच जन्मलाय. तुमची राधा तर अजून पंधरा दिवसांनी, राधाष्टमीला जन्मायची आहे. लग्न नाही, सोयरीक नाही, मग सासर कुठलं? प्या गपचूप!"

गोसाईंना ते पटलं. त्यांनी लोटा घेतला, ओठांपर्यंत नेला आणि भरलेलाच परत दिला.

"मग तर मुळीच नको. आज तुमचं पाणी प्यालो, तर उद्या मागणी आल्यावर 'नाही' कुठल्या तोंडानं म्हणू? पोरगं कसं निघतं ते... हिक्... बघू दे आधी!"