वजा एकसष्ट

"बावीस. एकोणीस. चोवीस. वीस..." यिंगवे मास्तरने सहा कागद टेबलावर मांडले. "सहा घरं, गावाच्या सहा टोकांना, आणि आकडे सख्ख्या भावंडांसारखे. ही अक्कल कोणाची?"



रसायनशास्त्राच्या त्या वर्गात मुलं सातच होती आणि किरणोत्सार मोजायचं यंत्र एकच. यंदा पहिल्यांदाच यिंगवेने ते आळीपाळीने सगळ्यांना घरी न्यायला दिलं होतं. काम अगदी सोपं. स्वयंपाकघरात यंत्र लावायचं आणि एका मिनिटात किती टिकटिक होते ते लिहून आणायचं. थोडी टिकटिक जगात कुठेही असतेच. नमुन्याचा ऱ्हास मोजताना ती आधी वजा करावी लागते, नाहीतर अर्धायुष्याचं गणित फसतं.

फळ्याच्या कोपऱ्यात वर्गातला आकडा लिहिलेला होता. एकसष्ट. याच खोलीत यिंगवे एकतीस वर्षं मोजत होता आणि दर वर्षी साठीच्या आसपासच यायचं. मग हे विशीतले आकडे आले कुठून? कुठेतरी पाणी मुरत होतं. यंत्र हातोहात फिरलं, तसा एखादा कागदही फिरला असणार. मेल्केर सगळ्यांत हुशार, सुरुवात त्यानेच केली असणार. वर मास्तरला संशय येऊ नये म्हणून आकडे थोडे इकडेतिकडेही केले होते. यिंगवेला त्याचाच जास्त राग आला.

"मी खरंच मोजलंय, यिंगवे," मेल्केर म्हणाला. तिथे मास्तरलाही नावानेच हाक मारायची आणि अरे-तुरे करायची पद्धत होती. "आई पण होती तिथे."

"अच्छा, म्हणजे आईपण सामील."

"तूच येऊन मोज ना मग आमच्याकडे."

"तू जन्मायच्या आधीपासून मोजतोय मी. हे आता मुख्याध्यापिकेकडे जाणार."

मेल्केरचे कान लाल झाले. तिकडे गेलं की विषयात नापास, आणि नापास झालं की गॉथेनबर्गचं इंजिनिअरिंग हुकलं. हे त्याला ठाऊक होतं, वर्गालाही ठाऊक होतं.

यिंगवेने सातवा कागद उचलला. "टूवा. साठ. एकटी हीच प्रामाणिक निघाली. सांग गं यांना, कसं मोजलंस."

टूवा मान वर करेना. तिने एकदा मेल्केरकडे पाहिलं.

"मी मोजलंच नाही," ती म्हणाली. "फ्लोरबॉलची मॅच होती. यंत्र डब्यातून काढलंसुद्धा नाही. फळ्यावरचा आकडा घेतला आणि एक कमी केला."

मागे कोणीतरी हसलं. यिंगवेही हसायला गेला, पण त्याला जमलं नाही. चोर सोडून संन्याशांना फाशी द्यायला निघालो होतो, याची त्याला लाज वाटली. लाजेच्या मागोमाग भीती आली. ते सहा आकडे खरे असतील तर?

त्याने यंत्र चालू करून भिंतीला टेकवलं. टिकटिक वाढली. शाळा एकोणीसशे साठच्या सुमाराला बांधलेली. तेव्हा इथे निळसर काँक्रीट वापरायचे, युरेनियम असलेल्या दगडाचं, आणि अशा भिंती आत राहणाऱ्यांवर वर्षानुवर्षं किरणोत्सार सोडत राहतात. हे तो दर वर्षी शिकवायचा, लोकांच्या घरांबद्दल. आपल्या खोलीतली टिकटिक मात्र तो दर वर्षी वजा करून टाकायचा.

"दप्तरं उचला," तो म्हणाला. "सगळे बाहेर व्हा."

मुलं निघाली. यिंगवे भिंतीपाशीच उभा होता. मेल्केरने दार धरून ठेवलं.

"तू पण चल," तो म्हणाला.