चकतीवरचं तेल

“कल्लप्पामामा, मागचा ब्रेक पुन्हा गेला! बाळे गावाजवळ ट्रकखाली जाता जाता वाचलोय.” हेल्मेट काढायच्या आधीच ऋतुराज ओरडला. दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या लावलेली आपली जुनी टूरिंगची गाडी त्यानं गॅरेजच्या दारात आडवीच लावली. “परवा लग्नानंतर पहिल्यांदाच वैष्णवीला मागं बसवून गोव्याला निघायचंय. उद्या सकाळपर्यंत जमलं तर बघा. नाहीतर समोर देतो.”

समोर! कल्लप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. समोर म्हणजे बसवराजचं गॅरेज. पाना धरायला ज्याला कल्लप्पानं शिकवलं, त्यानं अक्कलकोट रोडवर गुरूच्याच नाकासमोर शटर उघडलं होतं. पाटी काय, आतला रॅम्प काय, गिऱ्हाइकाला गार पाणी काय! एमआयडीसीतली पोरं सुट्टी झाली की तिकडंच वळायची. कल्लप्पाचे हात इथं काम करायचे आणि डोळे तिथल्या गाड्यांवर असायचे. रात्री भाकरी वाढताना त्याच्या बायकोला, अक्कम्माला, तेच गाऱ्हाणं ऐकावं लागायचं. जुन्या गिऱ्हाइकांत आता एकटा ऋतुराज उरला होता. तोही समोर गेला तर गॅरेज भंगारवाल्याला दिलेलं काय वाईट?

ब्रेकचं काय करायचं बाकी ठेवलं होतं त्यानं? पॅड नवे टाकले. ब्रेकच्या नळीतली हवा काढली. पॅड जिला धरून चाक थांबवतात ती चकती तेलकट दिसली म्हणून कॅलिपरचं सील बदललं. संध्याकाळी रस्त्यावर पळवून बघितली की गाडी जागच्या जागी उभी राहायची. रात्री गॅरेजात मुक्काम करून सकाळी गिऱ्हाइकाबरोबर गेली की ब्रेक घसरलाच. हे एकट्या ऋतुराजच्या गाडीचं नव्हतं. मुक्कामाला राहिलेल्या गाड्या एकामागून एक अशाच परत येत होत्या.

आज कल्लप्पानं पुन्हा चकती पुसली. पुन्हा तेल. डबीतलं ब्रेक ऑइल मात्र खुणेपर्यंत भरलेलं, थेंबभर कमी नाही. मग हे आलं कुठनं? त्यानं फडकं नाकाला लावलं आणि चक्रावलाच. करडईचं तेल! फोडणीला घालतात ते. आता कुठल्या गाडीत हो करडईचं तेल घालतात?

म्हणजे हे समोरच्याचंच काम. रात्रीचा येऊन लावून जातोय मेला! कल्लप्पाला राग आला, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतके दिवस तो नुसताच जळत होता, आता जळायला कारण मिळालं होतं. त्यानं चकती पेट्रोलनं धुतली, पॅड बदलले, गाडी पळवून बघितली आणि नेहमीच्या जागी उभी केली. पहाटे मोठा पाना घेऊन तो कंप्रेसरच्या मागं दबा धरून बसला.

कडी वाजली ती घराकडच्या दाराची. एक आकृती आत आली आणि गाडीच्या मागच्या चाकाशी वाकली. बोट तेलात बुडवून ती काहीतरी पुटपुटत चकतीवरून फिरवायला लागली. कल्लप्पा पाना उगारून उठला.

“घावलास की रं!”

“अय्यो! जीव घेताय का काय?” अक्कम्मा बाटली सांभाळत मागं सरकली.

“तू? अगं, माणसं मारशील की! ब्रेकला तेल लावतंय का कुणी?”

“मला काय ठाऊक तुमच्या ब्रेकचं? मारुतीच्या दिव्यातलं तेल हाय. बसवराजची नजर लागली, वाटोळं झालं, असं रोज तुमीच बोंबलता की. गाड्यांची तोंडं भिंतीकडं, मागचं चाक त्याच्याकडं. जितं चकाकतंय तितंच नजर बसणार की न्हाय?”

कल्लप्पा मटकन स्टुलावर बसला. पाना खाली ठेवला. ऋतुराज आणि त्याच्या मागं बसलेली वैष्णवी डोळ्यांपुढं आली. पण खोड ती खोड. तेवढ्यातही त्याची मान समोर वळली.

“आणि त्याचं बघ! त्याच्या गाड्या कशा झ्याक चालतात.”

“कुटं झ्याक? ब्रेक लागंना म्हणून त्याच्या बी गाड्या माघारी येत्यात. त्याची बायको रोज माझ्यापाशी रडती.” अक्कम्मानं बाटलीला बूच लावलं आणि पदराआड धरली. “सरा आता. त्याचं शटर उघडायच्या आत ही बाटली तिला द्यायची हाय. तिच्या मालकाला वाटतंय, तुमची नजर लई वाईट.”